वकिलाची निवड आणि कार्यकर्त्याची कसोटी

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण मराठी समाजात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. तिच्यात अनुभवाचा अंश आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्याजवळ बहुधा स्वतःचे घर होते, थोडीफार जमीन होती आणि गावकीत त्याच्या शब्दाला वजन होते. ज्या स्त्रीला नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढले जाते, जिच्या माहेरी भावजयीच्या चुलीवर तिची भाकरी मोजली जाते, जिचे दागिने सासूच्या पेटीत आणि मुले नवऱ्याच्या ताब्यात असतात, तिला कोर्टाची पायरी टाळण्याचे शहाणपण परवडत नाही. बहुतेक वेळा तिने ती पायरी आपण होऊन चढलेलीही नसते. नवऱ्याने दावा लावलेला असतो आणि हातात समन्स पडल्यावरच तिला आपण पक्षकार झाल्याचे कळते.

अशी स्त्री पुष्कळदा प्रथम येते ती पक्षाच्या किंवा युनियनच्या कचेरीत. कारण गावात तिच्या ओळखीची तेवढीच एक जागा असते. आणि तिथे काय घडते? कार्यकर्ता कागद वाचतो, हळहळतो, एका चिठ्ठीवर कोणा वकिलाचे नाव लिहून देतो आणि म्हणतो, ‘आपलाच माणूस आहे, सांभाळून घेईल.’ कार्यकर्त्याचा हेतू स्वच्छ असतो. पण लग्न बापाने ठरवले, नांदणे नवऱ्याने ठरवले, माहेरी राहणे भावाने ठरवले, त्या स्त्रीच्या आयुष्यातील हा पहिला स्वतःचा निर्णयही त्या चिठ्ठीने तिच्याकडून काढून घेतलेला असतो. वकील कोणता करावा हा प्रश्न वरवर किरकोळ व्यवहाराचा दिसतो. वस्तुतः तिच्या पुढच्या सर्व लढ्याचे स्वरूप त्यावर ठरते. तो निर्णय तिचाच राहिला पाहिजे आणि तो डोळसपणे घेता यावा एवढे ज्ञान तिच्या हाती देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

या प्रश्नाला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंवर नांदावयास येण्याचा दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. पण अपिलात तो टिकला नाही आणि १८८७ साली नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तो दावा मिटला. त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोट मागण्याची सोयच कायद्यात नव्हती. मुंबई प्रांतात ती १९४७ च्या कायद्याने झाली आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. परस्परसंमतीने वेगळे होण्याचा मार्ग तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर खुला झाला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईच्या विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली आणि ‘टाकलेली बाई’ हा कुजबुजीचा विषय राजकीय प्रश्न झाला. हा वारसा ज्या चळवळीचा आहे, तिच्या कार्यकर्त्याला न्यायालयाच्या दारात काय चालते हे माहीत नसावे, ही गोष्ट भूषणावह नाही.

प्रथम कायद्याने तिला काय दिलेले आहे ते पाहू. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-अ आले आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यानुसार १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्यास पात्र आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. महाराष्ट्र शासनाने १९९४ साली पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचार यांसंबंधीच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केले आहे. तरीही स्त्रिया मंगळसूत्र मोडून वकिलाची पहिली फी भरताना दिसतात. हक्क अस्तित्वात आहे आणि हक्काची वार्ता पोहोचलेली नाही, अशी ही स्थिती आहे. ती वार्ता पोहोचवण्यासाठी पक्षाला सत्तेवर येण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता निवडीच्या प्रश्नाकडे वळू. वकील कोण, याआधी दावा कोणत्या कायद्याखाली आणि कोठे, हे पाहावे लागते. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. नोंदणी पद्धतीने झालेल्या विवाहाला १९५४ चा विशेष विवाह कायदा. मुस्लिम स्त्रीला १९३९ चा विवाहविच्छेद कायदा. ख्रिस्ती व पारशी यांचे कायदे निराळे. पोटगीचा सर्वसाधारण अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. हा मार्ग मुस्लिम स्त्रीलाही खुला आहे, हे शाहबानो प्रकरणात १९८५ साली आणि पुन्हा २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. घरात राहण्याचा हक्क व संरक्षण हवे असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. जमिनीच्या वाटपात आयुष्य घालविलेला नामांकित दिवाणी वकील या सर्व वाटा जाणत असेलच असे नाही. म्हणून ‘मोठा वकील’ आणि ‘या कामाचा वकील’ यांत फरक करावयास शिकले पाहिजे. गेल्या वर्षभरात पोटगीची आणि विवाहाची किती प्रकरणे चालविली, हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

ठिकाणाचेही तसेच. २००३ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अशी सोय झाली की पत्नी अर्ज करताना ज्या ठिकाणी राहत असेल, तेथील न्यायालयात ती दावा लावू शकते. पुष्कळ स्त्रियांना हे ठाऊक नसते. लग्न मुंबईत झाले म्हणून साताऱ्याच्या खेड्यातील स्त्री वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात खेटे घालू लागते. प्रत्येक तारखेला एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि नातलगाकडील मिंधेपणा तिच्या वाट्याला येतो. नवऱ्यानेच दूरच्या न्यायालयात दावा लावला असेल, तर तो आपल्या जिल्ह्यात वर्ग करून घेण्याचा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो. जो वकील ही वाट आपण होऊन सांगतो, तो पक्षकाराच्या पायांखालची जमीन पाहणारा आहे. शहरातील प्रसिद्ध वकिलापेक्षा तिच्याच न्यायालयात रोज उभा राहणारा आणि तिला भेटू शकणारा वकील बहुधा अधिक उपयोगी पडतो.

कुटुंब न्यायालयासंबंधी आणखी एक गोष्ट. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे तेथे वकिलामार्फत उभे राहणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची अनुमती लागते. वकिली डावपेचांत संसाराचे प्रश्न अडकू नयेत, हा त्यामागचा विचार होता. १९८९ साली पुण्या-मुंबईत ही न्यायालये सुरू झाली तेव्हा स्त्रीला आपली व्यथा न्यायाधीशापुढे सरळ मांडता येईल अशी आशा होती. प्रत्यक्षात कायद्याची भाषा सोपी झाली नाही, त्यामुळे अनुमतीचा अर्ज करून वकील नेमणे ही रीतच पडून गेली. पण या कलमाचा आशय ध्यानात ठेवावा. बोलण्याचा मूळ अधिकार तिचा आहे, वकील तिच्या अनुमतीने आणि न्यायालयाच्या अनुमतीने बोलतो.

साथींनो, वकिलाची पारख करावी कशी, हा यातील खरा व्यावहारिक प्रश्न. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली गोष्ट अंतरिम पोटगीची. दावा चालेल तितकी वर्षे चालेल. चूल मात्र आज संध्याकाळी पेटली पाहिजे. हिंदू विवाह कायद्याच्या चोविसाव्या कलमाखाली दावा चालू असताना पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्या अर्जाचा निकाल लागावा असे कायदाच म्हणतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपल्या मिळकतीचे व देण्याचे प्रतिज्ञापत्र दिले पाहिजे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली पाहिजे, असे ठरवून दिले. पहिल्या भेटीत जो वकील नवऱ्याचा पगार, शेत, दुकान, कर्ज यांची चौकशी करतो, त्याला काम समजलेले आहे. अंतरिम अर्जाचे नावही न काढता जो ‘पाहू पुढे’ म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे.

दुसरी गोष्ट पैशाची. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या हिश्श्यावर फी ठरविणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी निषिद्ध आहे. पोटगीच्या एकरकमी रकमेतून इतका वाटा आमचा, असे कोणी म्हणत असेल तर तो नियम मोडतो आहे. एकूण फी किती, ती कोणत्या टप्प्यांत द्यावयाची, तारखेगणिक निराळे पैसे लागणार काय, टंकलेखन व नोटरीचा खर्च तीत धरला आहे काय, हे आरंभीच कागदावर लिहून घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी. पावती मागणे हा अविश्वास नव्हे. युनियनची वर्गणीसुद्धा पावतीशिवाय घेतली जात नाही. आणि ‘निकाल तुमच्याच बाजूने लावून देतो’ अशी हमी देणारा वकील टाळावा, कारण निकाल देणे वकिलाच्या हातात नसते.

तिसरी गोष्ट कागदाची. वकीलपत्र छापील असते आणि त्यात तडजोड करण्याचा, रक्कम स्वीकारण्याचा अधिकारही बहुधा छापलेलाच असतो. ते वाचून, समजून, नको असलेला मजकूर खोडून मगच सही किंवा अंगठा करावा. कोऱ्या कागदावर कधीही करू नये. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून १९९८ साली मराठीचा स्वीकार झाला. तरी अजून अनेक अर्ज इंग्रजीत लिहिले जातात आणि ज्या स्त्रीच्या तोंडी ती सर्व विधाने घातलेली असतात, तिलाच त्यांतले अक्षर कळत नाही. पुढे उलटतपासणीत ती अडखळते आणि खोटी ठरते. अर्ज मराठीत लिहिण्याची, निदान पूर्ण वाचून दाखविण्याची मागणी करावी. प्रत्येक कागदाची प्रत तिच्या स्वतःच्या पिशवीत असावी.

चौथी गोष्ट ऐकण्याची. दोन प्रकारच्या वकिलांपासून सावध राहावे. एक प्रकार आग लावणाऱ्यांचा: आलेल्या प्रत्येक स्त्रीला सासरच्या साऱ्या माणसांवर फौजदारी करण्याचा सल्ला देणारा. छळ झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली तक्रार करणे हा तिचा अधिकार आहे. पण न घडलेल्या गोष्टी अर्जात भरल्या की घडलेल्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. दुसरा प्रकार गोडीगुलाबीने मिटविणाऱ्यांचा: ‘बाई, जुळवून घ्या’ किंवा ‘परस्परसंमतीने मोकळ्या व्हा’ हे दोनच मंत्र जपणारा. परस्परसंमतीचा मार्ग चांगला आहे. त्यात पहिला व दुसरा अर्ज यांमध्ये सहा महिन्यांची मुदत असते. योग्य प्रकरणी न्यायालय ती माफ करू शकते, हे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण संमती अखेरपर्यंत मागे घेता येते, हे १९९१ च्या निर्णयाने स्पष्ट आहे, आणि ते तिला कोणी सांगत नाही. दोघांचा मिळून एकच वकील आणि तोही नवऱ्याने आणलेला असेल, तर कायमची पोटगी, मुलांचा ताबा आणि स्त्रीधन या तीन बाबतींत तिने काय सोडून दिले, हे तिला सही झाल्यावर समजते. स्त्रीधनावर केवळ स्त्रीचाच हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली म्हटलेले आहे. म्हणून संमती असली तरी तिचा वकील निराळा असावा.

रखमाबाईंवर जो दावा लागला, तो नांदायला येण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात अजूनही शिल्लक आहे. आज तुरुंगाचे भय नाही. पण पोटगी टाळण्यासाठी नवऱ्याने असा दावा आधीच लावून ठेवावा, हा डाव सर्रास खेळला जातो. असा हुकूम झाला तरी योग्य कारणाने न गेलेल्या पत्नीची पोटगी त्यामुळे बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. तेव्हा समन्स हातात पडल्यावर घाबरून घरी बसणे हाच सर्वांत मोठा धोका. कारण मग एकतर्फी निकाल होतो.

मोफत वकिलांविषयी तक्रारी आहेत. ते तारखेला येत नाहीत, आले तर कागद वाचून येत नाहीत, असा अनुभव अनेकींना येतो. मानधन अल्प आणि कामाचा बोजा मोठा, हे त्याचे एक कारण आहे. परंतु म्हणून ही व्यवस्था सोडून देणे म्हणजे सरकारी दवाखाना वाईट म्हणून रोग्याला खाजगी रुग्णालयाच्या दारात उभे करण्यासारखे आहे. २०१० च्या नियमावलीचे नावच ‘मोफत आणि सक्षम विधी सेवा’ असे आहे. त्यातील ‘सक्षम’ या शब्दाचा जाब विचारता येतो. पॅनेलवरील वकिलाने पक्षकाराकडून पैसे घेणे त्या नियमांना धरून नाही. प्राधिकरणाच्या सचिवाकडे लेखी तक्रार करता येते. आणि एकट्या स्त्रीच्या तक्रारीपेक्षा दहा जणींच्या तक्रारीकडे अधिक लक्ष दिले जाते, हे संघटनेच्या माणसांना सांगावे लागू नये.

निवड चुकली तर ती सुधारता येते. वकील बदलणे हा पक्षकाराचा हक्क आहे. फी थकली म्हणून वकिलाला कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. गैरवर्तनाची तक्रार १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे करावी लागते. २०२४ च्या निर्णयानुसार ग्राहक न्यायालयाची वाट त्यासाठी उपलब्ध नाही. मार्ग कमी आहेत, म्हणून आरंभीची निवड अधिक काळजीने केली पाहिजे.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही सुजाण माणसाने सांगितले असते. समाजवादी कार्यकर्त्याची कसोटी पुढेच आहे. कचेरीत आलेल्या स्त्रीचा नवरा युनियनचा सभासद असतो, मोर्चात पुढे चालणारा असतो, कधी शाखेचा पदाधिकारीही असतो. मग ‘घरातली गोष्ट आहे, बसून मिटवू’ अशी भाषा सुरू होते. युनियनचा वकील नवऱ्याच्या बाजूने उभा राहतो आणि त्याच्या पत्नीला कचेरीतला चहा तेवढा मिळतो. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेचा समावेश केला, तो व्याख्यानात उद्धृत करण्यासाठी नव्हे. मालकाच्या घरातील अन्यायाविरुद्ध बोलणे सोपे असते. आपल्या साथीच्या घरातील अन्यायाविषयी बोलताना जीभ जड होते. जातपंचायतीत काडीमोड करणारे पंच आणि कचेरीत ‘मिटवून टाकणारे’ कार्यकर्ते यांत त्या स्त्रीच्या दृष्टीने काय फरक उरला?

नवऱ्यालाही बचावाचा हक्क आहे आणि तोही कोणी हिरावून घेऊ नये. विधी सेवा कायद्याने औद्योगिक कामगारालाही मोफत वकिलाचा लाभ दिलेला आहे. तो त्याने घ्यावा. पण युनियनचे बळ, युनियनचा वकील आणि युनियनची कचेरी नवरा-बायकोच्या दाव्यात एका बाजूला तोललेली असता कामा नये. युनियन नवऱ्याचे काम पाहते म्हणून त्याच वकिलाकडे पत्नीला पाठविणे तर सर्वथा गैर आहे. असा प्रसंग आला की कार्यकर्त्याने तो उघड सांगावा आणि तिला बाहेरच्या वकिलाची, विधी सेवा प्राधिकरणाची वाट दाखवावी.

याकरिता मोठा निधी लागत नाही. प्रत्येक कचेरीत तालुका विधी सेवा समितीचा पत्ता व कामाच्या वेळा भिंतीवर लावाव्यात. विवाहविषयक दावे प्रामाणिकपणे चालविणाऱ्या तीन-चार वकिलांची नावे ठेवावीत, आणि ती यादी न्यायालयाची वाट पूर्वी चालून आलेल्या स्त्रियांना विचारून करावी. एकच नाव कधी देऊ नये. तीन नावे द्यावीत, म्हणजे निवड करावयास काही तरी उरते. पहिल्या भेटीला एखादी अनुभवी कार्यकर्ती बरोबर जावी. तिने शेजारी बसावे, पण उत्तरे त्या स्त्रीलाच देऊ द्यावीत. लग्नाचा दाखला अथवा पत्रिका, फोटो, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद, नवऱ्याच्या मिळकतीचा पुरावा आणि दागिन्यांची यादी आदल्या दिवशीच एका पिशवीत घालून ठेवण्यास तिला मदत करावी.

भेट संपल्यावर बाहेर आल्यानंतर तिला एकच प्रश्न विचारावा: वकिलांचे बोलणे तुला समजले का, आणि तुझे त्यांनी ऐकले का? तिचे उत्तर ‘नाही’ असेल, तर यादीतील दुसऱ्या वकिलाकडे तिच्यासोबत जावे. ‘हो’ असेल, तर वकीलपत्रावर सही करावयाची की नाही, ते तिला ठरवू द्यावे.